काटेवाल्यांनी दाखवलेली जागा

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, यात घरबसल्या काय आहे? जो भेटतो तो पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, "तुझं बरं आहे बाबा, घरबसल्या पैसा!" घरबसल्या! अहो, मी शेवटचा घरी कधी बसलो हेच मला आठवत नाही! तीन जिने चढतोय, तीन जिने उतरतोय, प्लंबरच्या मागे पळतोय, प्लंबर माझ्या पुढे पळतोय... चपला झिजल्या, गुडघे झिजले, जिभेचं तर विचारूच नका. आणि एवढं करून इस्टेट केवढी? तर एक गाळा आणि एक दोन खोल्यांचा फ्लॅट! गाळ्यात एक शिंपी बसतो, त्याच्या भाड्यात आमचं वाणसामान निघतं, बाकी सगळा संसार त्या फ्लॅटवर. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. लिफ्ट असती तर एवढी धाप लागली असती का मला?

तर झालं काय, बावीस वर्षं मी एका कंपनीत आवक-जावक सांभाळली. पत्र आलं, नोंद करा, पत्र गेलं, नोंद करा. एक दिवस कंपनीने मलाच जावकात टाकलं. हातावर एकरकमी पैसे ठेवले, खांद्यावर शाल टाकावी तसा हात टाकला आणि म्हणाले, या आता. मी म्हटलं, ठीक आहे, आता कुणाची चाकरी नाही, दोन जागा घ्यायच्या, भाड्याने द्यायच्या आणि राजासारखं राहायचं. सगळ्यांना पटलं. एका माणसाला पटलं नाही, तो म्हणजे आमचा दादा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, नळ, खिळे, बिजागऱ्या, रंग, काय म्हणाल ते. माणूस सोन्यासारखा आहे हो, वाईट एक शब्द बोलणार नाही मी. पण माझी शाळा दादाने ठरवली, माझी पहिली सायकल दादाने निवडली, म्हणजे त्याचीच जुनी, लग्नातला कोटसुद्धा मी दादाच्या पसंतीचा घातला, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, फोटोत मला हातच नाहीत! आणि जेव्हा बघावं तेव्हा एकच, "तू आपला दुकानात ये. सकाळी नऊला गल्ल्यावर बसायचं, डोक्याला ताप नाही." जागा घेतल्या तेव्हा भर जेवणात सगळ्यांसमोर म्हणाला, "एक महिना जागा रिकामी पडू दे, आपसूक येईल दुकानात." आता मीही माणूसच आहे ना? मी म्हटलं, "महिना कशाला, एक दिवस जरी रिकामी पडली ना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गल्ल्यावर बसलेला दिसेन!" वहिनी हसल्या, दादा हसला, माझी बायको मात्र हसली नाही. तिने फक्त माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिला मी ओळखतो, ती काळजी वाटली की वाढते.

खरं सांगू का? मला भीतीच होती. दुकानाची नाही हो. पन्नाशीला आलेल्या माणसाने पुन्हा थोरल्या भावाचा कोट घालायचा, त्याची.

पण सहा वर्षं काही झालं नाही. सहा वर्षं एकच भाडेकरू. हा गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक. म्हणजे काय, तर दुकानादुकानांत जायचं, तराजू तपासायचे, मापं तपासायची आणि कमी भरलं की लिहायचं. एकटा जीव, लग्न केलं नाही, बहुधा पत्रिका ग्रॅममध्ये जुळली नसेल! आम्ही घरात त्यांना काटेवाले म्हणतो. भाडं पहिल्या तारखेला, सकाळी आठ वाजता, पाकिटात. आठ वाजून एक मिनिट नाही. असा भाडेकरू मिळायला भाग्य लागतं. फक्त एकच, दर महिन्याला भाड्याबरोबर एक चिठ्ठी. 'नळ गळतो.' 'खिडकीची कडी बसत नाही.' 'निजायच्या खोलीत भिंतीला ओल आहे.' मी आपलं म्हणायचो, "बघतो, साहेब." अहो, सगळेच मालक म्हणतात! 'बघतो' म्हणजे काय लगेच बघायचं असतं का?

आणि गेल्या पहिल्या तारखेला पाकिटात चिठ्ठीऐवजी आख्खा कागद! 'मी एक महिन्याने जागा सोडीत आहे. कारणे खालीलप्रमाणे.' आणि खाली अकरा कलमं! एक ते अकरा! अक्षर असं की छापखान्याने लाजावं. कलम एक, नळ. कलम चार, स्वयंपाकघराचं दार जमिनीला घासतं. कलम सात, घंटा वाजत नाही. कलम आठ, कधीकधी आपोआप वाजते! बायकोने कागद वाचला, घडी घातली, म्हणाली, "अहो, तीस दिवस आहेत." बस्स, एवढंच. आणि दोन पोळ्या जास्त वाढल्या.

मी म्हटलं, घाबरतो कशाला! उलट बरं झालं, सहा वर्षांपूर्वीचं भाडं आहे, नवा भाडेकरू आणू, चार पैसे वाढवून घेऊ. एजंट गाठला. हा एजंट म्हणजे सोळा खिशांचं जाकीट, प्रत्येक खिशात वेगळ्या घराची किल्ली, चालला की घुंगरं वाजतात. मला म्हणाला, "साहेब, जाहिरात म्हणजे थापा नव्हेत हं. जाहिरात म्हणजे योग्य ठिकाणी गप्प बसणं." फोटो काढायला स्वतः ओट्यावर चढला, कपाटाला पाठ टेकवली, पोट आत घेतलं, श्वास रोखला आणि टिपला फोटो. फोटोत स्वयंपाकघर बघितलं आणि मलाच विचारावंसं वाटलं, ही जागा कुणाची हो? आत लग्न लागेल! मग मजकूर. लिफ्ट नाही, त्याचं त्याने केलं, 'आरोग्याविषयी जागरूक कुटुंबासाठी.' भिंतीला ओल, 'उन्हाळ्यातही गारवा.' शेजारच्या शाळेची घंटा दिवसातून नऊ वेळा कानात वाजते, 'शाळा हाकेच्या अंतरावर.' मी वाचलं आणि भारावून गेलो. अशा घरात राहायला मिळालं तर काय मजा येईल, असं वाटून गेलं हो मला!

दुसऱ्याच दिवशी फोनवर फोन. आणि पुन्हा तेच, जो तो, "वा, जागा दाखवायची आणि पैसे घ्यायचे, घरबसल्या पैसा!" हो ना... पण एक मेख होती. महिनाभर घर काटेवाल्यांच्या ताब्यात. आणि ते म्हणाले, "मालक, माझं सामान आत आहे. जागा दाखवायची ती मी घरी असताना, संध्याकाळी सहानंतर." मी म्हटलं, हरकत नाही. काय बिघडतंय? बसतील कोपऱ्यात पेपर वाचत!

पहिलं जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं, ती त्याच्याकडे बघून हसते, तो भिंतीकडे बघून हसतो, आता या लोकांना कुठलंही घर आवडतं! मी सुरू केलं, "ही बाहेरची खोली, दहा बाय बारा, हवेशीर..." आणि मागून आवाज, "नऊ फूट आठ इंच बाय अकरा फूट सात इंच." वळून बघतो तर काटेवाले टेप घेऊन उभे! पेपर बाजूला, चष्मा नाकावर. मी हसून म्हटलं, "साहेबांना विनोद फार आवडतो." ते म्हणाले, "धरा हे टोक." आणि त्या नव्या नवरदेवाने टोक धरलं! माझ्या देखत, माझ्या घराची, माझ्या जाहिरातीची मोजणी चालली होती आणि मी मध्ये पाय येऊ नये म्हणून बाजूला सरकलो! मग त्यांना नळाशी नेलं. "मिनिटाला साठ थेंब. दिवसाला साधारण सव्वाचार लिटर." मग भिंत. "ओल दरवर्षी चार इंच वर चढते. ही पेन्सिलची खूण मागच्या वर्षीची, ही यंदाची." अहो, लहान मुलाची उंची मोजतात तशी त्या माणसाने ओलीची उंची लिहून ठेवली होती, तारखेसकट! मुलगी नवऱ्याला म्हणाली, "निघू या का रे?" एजंटचे सोळाही खिसे गप्प.

दुसरे आले, गेले. तिसरे आले, गेले. चौथे तर दारातूनच गेले, कारण त्यांनी घंटा दाबली, ती वाजली नाही, आणि ते जिना उतरायला लागल्यावर ती आपोआप वाजली. ते घाबरले, म्हणाले, "आत कोण आहे?" कोण असणार, कलम आठ!

मग मी हात जोडले. खोटं कशाला बोलू, अक्षरशः जोडले. म्हटलं, "साहेब, तुम्ही तर चाललात, माझ्या पोटावर का पाय देता? निदान गप्प तरी बसा!" तर चष्मा पुसत म्हणाले, "मालक, आयुष्यभर मी दुसऱ्यांची मापं तपासली. समोरचा माणूस विचारतो आणि मी गप्प बसलो, तर ते कमी भरल्यासारखंच झालं ना? तुम्ही गोष्ट खरी करा, मी खरं सांगेन." मी म्हटलं, म्हणजे? म्हणाले, "नळ बदला. मग मी सांगेन, नळ गळत नाही."

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलले ते." आता बायकोच भाडेकरूच्या बाजूने म्हटल्यावर मी कुठे दाद मागायची?

गेलो दादाच्या दुकानात. जाणार कुठे? नळ दादाकडेच. दादाने विचारलं, "काय रे, जागा रिकामी होतेय म्हणे?" मी म्हटलं, "छे, छे, लोक रांगा लावून आहेत!" दादा म्हणाला, "बरं," आणि नळ बांधून दिला, वहीत लिहिलं. प्लंबरला आणलं. प्लंबर म्हणजे कसा, आधी तोंड वाकडं करून विचारणार, "हे आधी कुणी केलं होतं?" अरे, तूच केलं होतंस! "तरीच," म्हणतो! नळ बसला. काटेवाले घड्याळ काढून नळासमोर उभे राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं, दहा मिनिटं! मी, प्लंबर, एजंट, सगळे त्या नळाकडे बघत उभे, कुणी श्वास घेत नाही, जसं काही आत ऑपरेशन चाललंय! "दहा मिनिटं, शून्य थेंब." त्यांनी कागद काढला, कलम एकवर लाल शाईने रेघ मारली, सही केली, तारीख टाकली. आणि तुम्हाला सांगतो, मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं! मूर्खपणा बघा माझा!

बस, मग नादच लागला. कडी बदलली, रेघ. दार तासून घेतलं, सुताराने एवढं तासलं की खालून मांजर जाईल, मग काटेवाले म्हणाले, "आता पाऊण इंच फट आहे," मग खाली पट्टी मारली, मग रेघ. ओलीचं मूळ गच्चीवरच्या पाइपात निघालं, तो बदलला, भिंत खरवडली, गिलावा, दोन हात रंग, रंगारी विचारतो, "तिसरा हात मारू?" मी म्हणतो, "मार बाबा, इथे वजनमापेवाला बसलाय!" सगळं सामान दादाकडून. दर वेळी दादा, "काय रे, रांग अजून आहे का?" आणि वहीत लिहितो. इकडे माझ्या घरी, माझ्या मोरीतला नळ सहा महिने टपटपतोय! बायको म्हणाली, "अहो, मी पण तुम्हाला अकरा कलमं लिहून देऊ का?" दिव्याखाली अंधार!

आणि मग जे सुरू झालं ना... म्हणजे मी बघतच राहिलो. जो येईल त्याला काटेवाले फिरवायला लागले. मी बोलायचं कामच नाही! "मी इथे सहा वर्षं राहतो. हा नळ. उघडा. आता बंद करा. बघा. हा नळ यांनी यांच्या थोरल्या भावाच्या दुकानातून आणला, मी स्वतः तपासलाय. ही खिडकी. संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात या खोलीत ऊन येतं, पुस्तक वाचायला दिवा लागत नाही. शाळेची घंटा नऊ वेळा वाजते, पण मुलं सुटतात तेव्हा गॅलरीत उभं राहावं, करमणूक होते." लोक माना डोलवायचे! एजंट माझ्या कानात म्हणाला, "साहेब, वीस वर्षं धंद्यात आहे, असा माणूस नाही पाहिला. नोकरी सोडत असतील तर माझ्याकडे लावून घेतो." खरं बोलणाऱ्या माणसाने कौतुक केलं की कसं पटतं बघा! आम्ही घसा कोरडा करून बोललो, कुणी ढुंकून बघितलं नाही.

सव्विसाव्या दिवशी एक नर्सबाई आल्या, आपल्या आईला घेऊन. आईने नळ उघडला, बंद केला, गॅलरीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे बरं वाटतंय गं." भाडं मी वाढवून सांगितलं, बाई हो म्हणाल्या! "उद्या अनामत घेऊन येते." मी तीन जिने तरंगत उतरलो. घरी येऊन म्हटलं, "दादाला फोन लाव! म्हणावं, नऊला दुसरं कुणीतरी बसव गल्ल्यावर!" बायकोने त्या दिवशी पोळ्या मोजून वाढल्या.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक. काटेवाले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. बायकोने पाणी दिलं, ते अर्धा पेला प्यायले, आणि म्हणाले, "मालक, मी नोटीस मागे घेतो."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "मागे म्हणजे किती मागे?" ते म्हणाले, "मी राहतो. अकराही कलमांवर रेघ आली. आता जाण्याचं कारण उरलं नाही. आणि खरं सांगायचं तर..." इथे ते पहिल्यांदाच जरा अडखळले हो, त्यांनी चष्मा काढला... "एकोणीस कुटुंबांना मी ही जागा दाखवली. रोज तेच तेच सांगताना मला वाटायला लागलं, अरे, इतकी चांगली जागा आपण का सोडतोय?"

मी म्हटलं, "अहो साहेब, पण त्या नर्सबाई..." म्हणाले, "त्यांना मी दुपारीच भेटलो. माझ्या माहितीत तळमजल्याची एक जागा होती. मोजून दिली. त्यांच्या आईला जिने नकोतच." मी म्हटलं, "पण नवीन भाडं..." त्यांनी कागद पुढे केला. करार! सहा वर्षांपूर्वीचा! कलम नऊ, 'मालकाने दुरुस्ती केल्यास भाडेकरूस नोटीस मागे घेण्याचा हक्क राहील व भाडे करार संपेपर्यंत तेच राहील.' करार संपायला अजून चार वर्षं! मी म्हटलं, "हे कुणी लिहिलं?" ते म्हणाले, "मी. सही तुमची आहे." आता मला आठवलं. करार त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून आणला होता, आणि अक्षर इतकं सुरेख होतं, इतकं सुरेख होतं, की मी वाचायचं सोडून नुसतं बघतच राहिलो होतो! बावीस वर्षं आवक-जावक केलेला माणूस! आला कागद की वाचायचा नाही, नोंद करायची, ही सवय! बायको आतून म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." तिने त्यांनाच वाढलं.

म्हणजे बघा, पैज मी जिंकलो! एक दिवस, एक तास जागा रिकामी पडली नाही! ताठ मानेने गेलो दादाकडे. दादा म्हणाला, "शाबास." आणि वही उघडली. नळ, कड्या, बिजागऱ्या, पाइप, तीन हात रंग... जुन्या भाड्यात हे कधी फिटणार? दादा म्हणाला, "सख्ख्या भावाकडून पैसे घेऊ का मी? तू आपला सकाळी ये. नऊला. फिटेपर्यंत." आपलेच दात, आपलेच ओठ. काय करता!

तेव्हापासून हा मी इथे, गल्ल्यावर. आणि गंमत सांगू? ती एकोणीस कुटुंबं होती ना, त्यांना ते घर मिळालं नाही, पण काटेवाल्यांनी तो नळ असा काही दाखवलाय की एकेक जण पत्ता विचारत येतोय, "तो न गळणारा नळ इथेच मिळतो का?" ते येतात, त्यांचे मेहुणे येतात, शेजारी येतात! काल दादा म्हणाला, "अरे, तू जाहिरात फार झकास करतोस रे, तू आल्यापासून खप दुप्पट झाला!" आणि शिवाय येणारा प्रत्येक जण गल्ल्यावर वाकून मला म्हणतो, "तुमचं बरं आहे, तिकडे भाडंही चालू, घरबसल्या पैसा!"

...हो हो, तुम्ही मघापासून उभे आहात, विसरलो नाही मी. नळच ना? पाठवलं कुणी... काटेवाल्यांनी? हं. घ्या, अर्धा इंची, पितळी. घरी बसवल्यावर घड्याळ लावून बघा, दहा मिनिटांत एक थेंब पडणार नाही. मला कसं माहीत? अहो, माझ्या घरातला सोडून सगळ्या गावातला बदलून झालाय!